काळ्या नळीतली शिट्टी

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटत नसेल त्याने सरळ पुढे जावं, मला कोणाची समजूत काढायची नाही.

आणि भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर नक्की वाचावं. हे घडलं मे महिन्यातल्या एका रविवारी, टळटळीत उन्हात, शेकडो माणसांच्या देखत. पालघर-बोईसर रस्त्यावरून आत वळलं की एक वॉटर पार्क लागतं. नाव सांगत नाही, कारण मी अजून तिथेच कामाला आहे.

मी मंगला. मुरब्याची, मच्छीमाराच्या घरातली. मला पोहायला कोणी शिकवलं नाही, चालायला लागले तशी पाण्यात पडले. म्हणून पार्कवाल्यांनी मला काळ्या नळीखालच्या पूलमध्ये उभं केलं.

काळी नळी म्हणजे बंद स्लाईड. उंच टॉवरवरून सुटायचं, आत मिट्ट काळोख, दोन-तीन वळणं, आणि धपकन पाण्यात. वर अंकुश असायचा. विक्रमगडकडचा, माझ्याच वयाचा, मोजकं बोलणारा. नळीचं खालचं तोंड छपराखाली आहे, ते त्याला वरून दिसत नाही. मी दिसते, पूलच्या मधोमध उभी.

आमचा नियम एकच होता. माणूस बाहेर आला की मी शिट्टी मारायची. शिट्टी ऐकली की अंकुशने पुढचा माणूस सोडायचा. आत एक असताना दुसरा सुटला, तर तो सरळ पहिल्याच्या मानेवर येतो. माणूस जायला तेवढं पुरतं.

होळी होऊन गेली होती. कुंभवलीचा एक कॉलेजचा पोरगा नळीत सुटला. मी त्याची वाट बघत होते. शिट्टी माझ्या गळ्यात लोंबत होती, तोंडात नव्हती.

आणि…

शिट्टी वाजली.

नळीच्या आतून.

मला काही कळायच्या आत वरून पुढचा सुटला होता. दोघं एकमेकांवर आपटतच बाहेर आले. पोराचा ओठ फाटला, पुढचे दात हलले. नशीब, तेवढ्यावर भागलं.

मेहुलसर, आमचे सुपरवायझर, धावत आले.

"मंगला, शिट्टी कोणाच्या गळ्यात आहे?"

"माज्या. पन मी मारली नाय."

"मग काय भुताने मारली?"

असा संताप आला ना मला. चूक माझी असती तर मान खाली घातली असती. पण करणार दुसरंच कोणीतरी आणि ऐकून मी घ्यायचं? ते जे काही होतं, त्याला मी सोडणार नव्हते.

आमच्याकडे एक रीत आहे. होडी समुद्रात असताना पाण्यातून कोणी हाक मारली तर घाबरायचं नाही. त्याला शिव्या घालायच्या. अशा घालायच्या की लाज वाटून ते निघून गेलं पाहिजे. मी तेच केलं. रोज सकाळी, पार्क उघडायच्या आधी, नळीच्या तोंडात डोकं घालून बोलायचे.

"मुडद्या, समोर ये. बाईमानसाच्या पोटावर उठतोस, लाज नाय वाटत?"

पुढच्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

अंकुशला हे आवडायचं नाही. "ताय, त्याच्याशी बोलू नको," तो म्हणायचा. "आमच्याकडं अशाला नजर पन देत नाय. बोललं का वळख होते."

"होऊ दे. माझी वळख झाली का पळंल."

हसत म्हणाले होते मी हे. आता आठवलं की हसू येत नाही.

शिट्टी आम्ही बंदच केली. त्याऐवजी हात. माणूस बाहेर आला की मी उजवा हात उंच करायचा, तो दिसला की अंकुशने सोडायचं. नळीतलं ते शिट्टी मारेल, पण हात कुठून आणेल? ही अक्कल माझीच. नळी अधूनमधून वाजायची, अंकुश ढिम्म हलायचा नाही. मी खालून दोन शिव्या हाणायचे. लोकांना वाटायचं, बाई गमतीशीर आहे.

मग तो रविवार आला.

माझी मोनाली तेव्हा चौथीत होती. वर्षभर मागे लागली होती, "आई, मला काळ्या नळीत बसू दे." मी नको म्हणू शकले असते. पण नको म्हटलं असतं तर मी त्याला भ्यायले, असं झालं असतं. ते मला मान्य नव्हतं.

तिने वरून मला हात केला आणि सुटली.

आतून तिचं किंचाळणं ऐकू आलं. पहिलं वळण. दुसरं.

मग…

काहीच नाही.

पाणी येत होतं. मोनाली येत नव्हती.

आत शिट्टी वाजली. मी वर बघितलं. अंकुश खाली माझ्या दिशेनेच बघत होता. त्याने मान हलवली, आणि पुढच्या माणसाला नळीच्या तोंडाशी बसवलं. चांगला आडदांड बाप्या होता, कडा धरून कचरत बसलेला.

माझे दोन्ही हात तर पाण्याखाली होते.

"सोडू नको, अंकुश," मी जीव तोडून ओरडले. डीजेच्या आवाजात कुठलं ऐकू जाणार? दोन्ही हात आडवे हलवले, तरी तो काही थांबेना. मग मी नळीतच शिरले.

वरून पाण्याचा लोट, खाली बुळबुळीत फायबर. कोपर आणि गुडघे दोन्ही बाजूंना रोवून वर सरकत होते. तोंडाने शिव्या चालूच होत्या. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण थांबले असते तर माझी पोर गेली असती.

वळणावर ती सापडली. भिंतीला चिकटून बसली होती.

"आई, कोणीतरी पाय धरलाय."

काळोखात मी चाचपडत तिच्या घोट्याकडे हात नेला.

तिथे…

आधीच एक हात होता.

बाईचा.

मी त्याला चावले. खरंच चावले, दात रुतेपर्यंत. तो सुटला. त्याच क्षणी वरून घरघर ऐकू आली, तो बाप्या येत होता. मी मोनालीला पोटाखाली घेतलं आणि उजवा खांदा वर केला. पुढचं मला आठवत नाही. आम्ही तिघं एकदमच पूलमध्ये येऊन पडलो म्हणे.

मोनालीला खरचटलंसुद्धा नाही. माझा खांदा मात्र मोडला.

अंकुश धावत खाली आला. माझ्याकडे बघितलं, मग पूलकडे, मग परत माझ्याकडे. चेहरा पांढराफटक.

"ताय, तू आत कवा गेलीस?"

"तू मानूस का सोडला?"

"तूच हात वर केला होतास ना. मी तुलाच बघत होतो. तू नळीतून बाहेर पडलीस, तवा पन तू तिथं उभी होतीस. हात वर करून."

मेहुलसर म्हणाले, झालं तेवढं पुरे, नोकरी सोड. मी म्हटलं, सोडणार नाही. मी गेले तर उद्या तिथे दुसरी पोर उभी कराल, आणि तिला हे कोण सांगणार?

आता मी वर असते आणि अंकुश खाली. नियमही बदलला. आलेल्या माणसाला अंकुश स्वतः हाताला धरून पूलच्या पायरीवर आणतो. तो पायरीवर चढलेला दिसला की मगच मी पुढचा सोडते. रांगेतले लोक कुरकुर करतात. करू देत.

मोनाली पुन्हा पार्कात आली नाही. मीही बोलावलं नाही.

वरून सगळा पूल दिसतो. मधोमध अंकुश उभा असतो. उन्हं कलली, गर्दी जरा ओसरली, की त्याच्या मागे…

एक बाई दिसते.

माझ्यासारखाच पिवळा टी-शर्ट, माझ्यासारखाच घट्ट अंबाडा. अंकुश वळून बघत नाही. मीच त्याला सांगितलंय, बघू नको म्हणून. ती मान वर करून माझ्याकडे बघते आणि उजवा हात उंच करते.

माझा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही.

तिचा जातो.

भीती वाटते का? वाटते. रोज वाटते. पण मी तोंडातून शब्द काढत नाही, आणि माणूसही सोडत नाही. ती हात खाली घेत नाही, मी जागा सोडत नाही.

बघू कोण आधी दमतं.