पाठीमागचा फोटो

ही गोष्ट मला रचायची असती तर मी ती रात्रीची सांगितली असती. वीज गेलेली, कुत्री रडतायत, असलं सगळं घातलं असतं.

पण ती घडली भर दुपारी.

शनिवार होता. ऊन डोळ्यांत खुपत होतं आणि बाजाराच्या फूटपाथवर पाय ठेवायला जागा नव्हती.

माझ्या थोरल्या मावसभावाच्या बाबतीत घडलंय हे. त्यातला एक फोटो मी स्वतः हातात धरून पाहिलाय. पुढचं तुम्ही ठरवा.

दादा दातांच्या लॅबमध्ये कामाला आहे. दिवसभर लोकांच्या कवळ्या घासायच्या, चकचकीत करायच्या. शनिवारी अर्धा दिवस सुटी. त्या दिवशी डबा तिथेच संपवायचा, कॅमेरा गळ्यात अडकवायचा आणि थेट बाजार गाठायचा. रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढायचं भलतंच वेड.

वहिनी वैतागायची. "कवळ्या तरी हसतात हो. तुमच्या फोटोतली माणसं तेवढंही करत नाहीत."

दादाला ते झोंबायचं. कारण ते खरं होतं.

तो शिकायला जायचा ते सर एका वर्तमानपत्राचे निवृत्त फोटोग्राफर. एकटेच राहायचे. रविवारी दुपारी त्यांच्या दिवाणखान्यात चार-पाच जण जमायचे. फोटो कागदावर छापूनच आणायचा, हा नियम. सर तो आधी उलटा धरून बघायचे, डोकं खाली पाय वर. म्हणायचे, उलटा धरला की माणूस दिसत नाही, नुसती मांडणी दिसते. मग सुलटा करायचे.

आणि दादाचा फोटो असला की सुलटासुद्धा करायचे नाहीत.

"पुढचा."

बस्स. एवढंच. पुढचा... पुढचा... पुढचा.

शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. दादा घरी येऊन जेवणाच्या ताटावर बसून नुसता भात चिवडायचा. "काय चुकतंय ते तरी सांगा ना! इतकी माती खातोय मी?"

आणि मग तो शनिवार आला.

फळवाल्याच्या गाडीसमोर दादा उभा होता. संत्र्यांचा ढीग, तराजू, फळवाल्याचा वर गेलेला हात. छान जुळून आलं होतं. त्यानं श्वास रोखला आणि बटण दाबलं.

खट्.

आणि लगेच...

पाठीमागून अजून एक. खट्.

अगदी हलका. कमरेच्या उंचीवरून आल्यासारखा.

दादानं वळून पाहिलं. वाटलं, दुसरा कुणीतरी फोटोवाला असेल. पण मागे पिशव्या घेतलेल्या बायका, हमाल, शाळेतून सुटलेली मुलं... कॅमेरा कुणाच्याच हातात नव्हता.

संध्याकाळी फोटो छापून घेतले, तर त्यात एक जास्तीचा निघाला.

एक म्हातारा फूटपाथवर गुडघे टेकून बायकोच्या बुटाची नाडी बांधतोय. बायको त्याच्या टकलावर हात ठेवून तोल सावरतेय. आणि डाव्या बाजूला खूप सारी मोकळी जागा. त्या जागेमुळेच ती दोघं जगात एकटी वाटत होती.

दादानं हा फोटो काढला नव्हता.

कॅमेऱ्यात पाहिलं. होता. संत्र्यांच्या दोन फोटोंच्या बरोब्बर मध्ये.

फोटो छापणारा दुकानदार म्हणाला, "बटण चुकून दाबलं गेलं असेल."

पण चुकून तरी कसं? ती म्हातारा-म्हातारी दादाच्या पाठीमागे असणार. आणि कॅमेऱ्याचं तोंड पुढे होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी तो फोटो उलटा धरला. मग सुलटा केला. मग खुर्ची खिडकीजवळ सरकवली.



"हा कुठून काढलास? खाली वाकून?"

"नाही सर. उभ्यानं." दादाची जीभ अडखळली. मी काढलाच नाही, हे तोंडातून निघेना. पहिल्यांदाच सरांनी 'पुढचा' म्हटलं नव्हतं हो!

सगळे गेल्यावर सरांनी त्याला थांबवून घेतलं.

"खरं सांग. कुणी काढला?"

दादानं सगळं सांगितलं. दुसऱ्या आवाजासकट. वाटलं, आता हाकलून देतील.

सरांनी फोटो पुन्हा उजेडात धरला.

"माझी थोरली बहीण असे फोटो काढायची," ते म्हणाले. "मला कॅमेरा धरायला तिनंच शिकवलं. उंचीनं बेताची. कॅमेरा पोटाशी धरायची आणि वरून आत बघायची. डावीकडे अशीच जागा सोडायची. मी विचारायचो, ताई, इथे काय ठेवायचं? तर म्हणायची, काही नाही, राहू दे."

"मग त्यांचे फोटो..."

"ती गेली त्या वर्षी घरात पाणी शिरलं. सगळ्या निगेटिव्ह भिजल्या. एकही फोटो उरला नाही."

त्यांनी तो फोटो परत दिला नाही.

पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. खट्... आणि मागून खट्.

शाळेच्या फाटकाबाहेर एक आई. मूल आत दिसेनासं झालंय, तरी हात हलवत उभी. डावीकडे मोकळी जागा.

त्याच्या पुढच्या शनिवारी एक न्हावी, रिकाम्या दुकानात स्वतःचीच दाढी करताना.

दादा घाबरला होता? होता की. मानेवर काटा यायचा. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा जळफळाट जास्त होता. तो तासन् तास उन्हात तापायचा, आणि त्याच्या पाठीमागे, त्याच क्षणी, कुणीतरी सहज...

तो शिकलाही त्यातून. आपण नेहमी जिथे आवाज, रंग, गडबड असते तिकडेच तोंड करतो, हे त्याला त्या फोटोंनी दाखवलं. त्यानं नजर बदलली. फोटो सुधारलेसुद्धा.

पण बघणार कोण?

सर आता त्याला दारातच गाठायचे. "आला का तिचा?"

त्याच्या गठ्ठ्याला हातही लावायचे नाहीत. भराभर पत्ते पिसावेत तसे फोटो बाजूला सारून फक्त तो एक शोधायचे.

"सर, माझा हा एक बघा ना. दुपारभर थांबून काढलाय."

"हो हो, बघू. तिचा कुठेय?"

दादा मला म्हणाला, "अरे, मी काय पोस्टमन आहे का?"

मग एका शनिवारी त्याचा तोल सुटला. दुपारची वेळ, तोच फूटपाथ. त्यानं फोटो काढला आणि मागून आवाज आला...

खट्.

दादा भर बाजारात ओरडला, "बाई, स्वतःचा कॅमेरा आणा ना! माझ्या मानगुटीवर कशाला?"

आणि गर्रकन वळून, न बघता, न जुळवता, त्यानं मागच्या गर्दीवर बटण दाबलं.

एक क्षण...

सगळा बाजार गप्प झाला. फळवाल्याची आरोळी, हॉर्न, चपलांची घासघास, काहीच नाही.

मग सगळं एकदम परत आलं. दोन बायका त्याच्याकडे बघत, पदर सावरत लांबून निघून गेल्या. समोर होती ती नेहमीचीच गर्दी.

त्या संध्याकाळी जास्तीचा फोटो निघाला नाही. होता तो दादाचाच, गर्रकन वळून काढलेला.

तो मी पाहिलाय.

खचाखच भरलेला फूटपाथ. माणसाला माणूस चिकटलेला. आणि बरोब्बर मधोमध... एक रिकामी जागा. एका माणसापुरती. एक हमाल डोक्यावरचं ओझं तिरकं करून त्या जागेला वळसा घालतोय. एका बाईनं आपली छत्री बाजूला कलती केलीय, कुणाला लागू नये म्हणून. एक लहान मूल मान वर करून त्या मोकळ्या जागेकडे बघत हसतंय.

कुणीच तिथे पाय ठेवलेला नाही.

फोटो जबरदस्त होता. मला त्यातलं काही कळत नाही, तरी सांगतो.

सरांनी तो उलटा धरला, सुलटा केला. त्यांचं बोट हळूहळू त्या जागेवर आलं. मग त्यांनी हात आपल्या खांद्याच्या खाली धरून दाखवला.

"एवढी होती ती. एवढीच."

"सर, हा माझा आहे. मी काढलाय." दादाचा आवाज चिरकला. "कसा झालाय?"

"कसा म्हणजे?" सरांनी मान वर केली. डोळे भरले होते. "अरे, ती दिसतेय ना त्यात!"

दादा उठला आणि चालायला लागला. इतकी वाट बघितल्यावर सरांनी त्याचा एक फोटो छातीशी धरला होता, आणि तोही त्याच्यासाठी नव्हताच.

त्यानंतर मागचा आवाज बंद झाला. पुन्हा एकदाही आला नाही.

सरांचे फोन यायचे. "ती येत नाही का रे आता? तू रागावलास का तिच्यावर?" दादा उचलेनासा झाला. रविवारचं जाणंही सुटलं. कॅमेरा कपाटात गेला. वहिनी म्हणाली, सुटलो एकदाचे.

त्यालाही तसंच वाटलं होतं.

मागच्या महिन्यातली गोष्ट. लॅब सुटल्यावर तो बसनं घरी निघाला होता. बस तुडुंब भरलेली, माणसं दांड्याला लोंबकळतायत. दादाला खिडकी मिळाली होती. बऱ्याच वेळानं त्याच्या लक्षात आलं...

त्याच्या शेजारची जागा रिकामी होती.

लोक चढत होते, उतरत होते, एकमेकांच्या पायांवर पाय देत होते. तिथे कुणी बसत नव्हतं.

बाजूला एक म्हातारे गृहस्थ दांडा धरून हेलकावे खात उभे होते. दादा त्यांना म्हणाला, "काका, बसा ना. जागा आहे."

काकांनी त्या जागेकडे पाहिलं. मग ओशाळं हसले.

"नको, नको," ते म्हणाले. "त्यांना कशाला उठवताय?"

दादा हल्ली लॅबपासून घरापर्यंत चालत येतो. लांब पडतं. पायांना फोड आलेत. मी विचारलं, अजून आहे का रे काही?

 तो सोफ्यावर थोडा उजवीकडे सरकला. डावीकडे एका माणसापुरती जागा सोडून.