दाव्याची गाठ

"त्या बॅगा ठेवा रे घडीभर बाजूला," रेणुकादास काका म्हणाले. लातुरातल्या त्या इमारतीची लाइट गेलेली, सगळी गच्चीवर. "उद्या डोंगरात चाललात, म्हणून आजच सांगतो. हसायचं असंल तर आत्ता हसून घ्या, मधे दात काढले तर मी उठून जाईन. गोष्ट माझ्या वरच्या मजल्यावरच्या मिहिरची आहे. अर्धी त्यानं मला सांगितली. अर्ध्याला मीच स्कूटर घेऊन गेलो होतो."

तर गेल्या वर्षीची सतरा मे. वार शनिवार.

मिहिर इथल्याच एका कॉलेजात भूगोल शिकवायचा. त्या दिवशी संध्याकाळी तो औशाकडे निघाला ते एका सहीसाठी. औशाच्या अलीकडं शेषेरावांचं शेत आहे. त्यांची पोरगी ऋतुजा जूनमध्ये मिहिरबरोबर हिमालयातल्या एका शिखरावर जाणार होती, आणि नेणारे लोक वडिलांची लेखी परवानगी मागत होते. शिखर तसं फार अवघड नाही. पण शेवटची धार उघडी. दोन्ही अंगाला खोल दरी आणि वारा असा, की दहा हातांवर ओरडलेलं ऐकू येत नाही.

ऋतुजाला तिथंच का जायचं होतं? तर वर्षाआधी त्याच धारेवरून तिचा थोरला भाऊ भागवत खाली गेला होता. मिहिरच्याच दोरावर होता तो. मिहिर पुढं, भागवत मागं. देह काही मिळाला नाही. ती जागा एकदा डोळ्यांनी बघायची, एवढाच तिचा हट्ट. आणि तिला नको म्हणायला मिहिरला तोंड कुठं होतं?

शेषेराव अंगणात बाजेवर बसलेले. गडी बैल बांधत होता. पूर्वी हे काम ते कुणाला करू द्यायचे नाहीत.

"सही करतो सर," ते म्हणाले. "पण एक कबूल करा. पोरीला दाव्याची गाठ बांधू देऊ नका. येती तिला. दोघा ल्येकरांना म्याच शिकवली."

"हो," मिहिर म्हणाला.

"तुम्हीच आणून सांगितलं, की दोर रिकामा आला, गाठ सुटली. तुमच्या शिकवणाऱ्यानं त्याला बजावलं होतं म्हणं, ही बैलाची गाठ इथं नको. त्यानं ऐकलं न्हाई. बापाची गाठ, कशी सुटंल?" म्हातारा गड्याच्या हातांकडं बघत राहिला. "साठ वर्षं जनावरं बांधली सर. एक सुटलं न्हाई. पोरगंच सुटलं. तवापासून दाव्याला हात लावला न्हाई म्या."

मिहिरनं चहा पिला. बशी खाली ठेवली. त्याला काही वाटलं नाही. वर्ष झालं, त्याला काहीच वाटत नव्हतं. उजव्या हाताची दोन बोटं बर्फानं मेलेली, त्यांच्यावर विस्तव ठेवला तरी कळायचं नाही. बाकीचं अंगही तसंच झालेलं. जेवायचा, शिकवायचा, झोपायचा. सही खिशात घातली आणि निघाला.

पोरांनो, गाठ सुटलीच नव्हती.

हे एकट्या मिहिरला ठाऊक होतं. धारेवर ओरडून उपयोग नाही म्हणून दोघांचं ठरलेलं असायचं. दोराला एक हिसका म्हणजे थांब. दोन म्हणजे ये. त्या दिवशी अकराच्या आत माथा गाठायचा होता, नाहीतर परत फिरा असा हुकूम. माथा समोर दिसत होता. मागून एक हिसका आला. थांब. मिहिरला तो चांगला कळला. तो थांबला नाही. आता एवढ्याशासाठी काय थांबायचं, म्हणून त्यानं उलट दोर ओढला. पुन्हा एक हिसका. मिहिरनं अजून जोरात ओढला. मागं दोर एका धारदार खडकात अडकला होता, भागवत तेच सांगत होता. त्या ओढीनं भागवतचा तोल गेला, आणि मग दोर एकदम हलका झाला.

हातात आलं ते कापलेलं टोक. गाठ भागवतच्या कमरेला होती, ती त्याच्याबरोबर गेली. मिहिरनं तंबूत येऊन ते टोक मेणबत्तीवर धरलं, वितळवून गोल केलं, आणि खाली येऊन सगळ्यांना सांगितलं की गाठ सुटली. एवढंच.

आता त्या रात्रीचं.

पावणेदोन वाजले होते. लाइट गेलेली. झाडाचं पान हलत नव्हतं, भिंती तापलेल्या. मिहिर आतल्या खोलीत जमिनीवर बसून सामान लावत होता. शेंगदाण्याच्या चिक्क्या, स्टोव्ह, मोजे, यादी. यादीत दोराखाली लिहिलेलं, पहिला मिहिर, दुसरी ऋतुजा. नवा नारिंगी दोर तपासायचा राहिला होता. दोर डोळ्यांनी नाही तपासत, बोटांतून सरकवत न्यायचा असतो. कुठं चिरलाय ते हाताला कळतं. दोराचं वेटोळं बाहेरच्या खोलीत पडलेलं, अंधारात. मिहिर आत बसून हात हात ओढून घेत होता.

निम्मा दोर आला असेल.

एक हिसका.

मिहिरला वाटलं, खुर्चीच्या पायाला अडकला. ओढला.

पुन्हा एक.

खुर्चीचं नव्हतं ते. हाताचा हिसका वेगळा असतो... आणि तो त्याला त्या दोन बोटांत कळला. मेलेल्या.

बाहेरच्या खोलीत वारा सुटला होता. पडदा हलत नव्हता. कागद हलत नव्हते. नुसता आवाज. तोच. धारेवरचा.

त्याला उठावं वाटलं. उठवेना. ओढावं वाटलं...

नाही ओढला. या खेपेला तो थांबला.

"थांबलो," तो म्हणाला.

काही नाही. वारा.

"भागवत... मला कळलं होतं रे. दोन्ही वेळा. मीच थांबलो नाही."

वारा बंद झाला. एकाएकी.

मग दोराला दोन हिसके. सावकाश.

ये.

तो गेला नाही. बसल्या जागी रडायला लागला, वर्षात पहिल्यांदा, आणि रडत रडत दोर ओढत राहिला. दोर हलका येत होता. शेवटचं टोक हातात आलं तेव्हा त्या दोन बोटांना गार लागलं.

अडीचला त्यानं माझं दार वाजवलं. दोराचं टोक पुढं धरलं. उजाडायच्या आत आम्ही दोघं स्कूटरवर औशाच्या रस्त्याला होतो.

शेषेराव तोंड धूत होते. मिहिरनं ती वस्तू त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. हिसके, माथा, मेणबत्ती, सगळं. नव्या नारिंगी दोराच्या टोकाला निळ्या दोराचा हातभर तुकडा बांधलेला होता. भागवतचा दोर निळा. एका बाजूनं खडकावर चिरलेला, सुतं निघालेली. दुसऱ्या बाजूला भागवतच्या कमरेची ती दाव्याची गाठ, तशीच. आणि गाठीत हिरव्या ओढणीची चिंधी. दोघांची टोकं चुकू नयेत म्हणून ऋतुजानं निघताना बांधून दिली होती ती.

ऋतुजा दारात येऊन उभी राहिली. "थांब म्हणून किती वेळा ओढलं त्यानं?"

"दोनदा."

ती आत गेली. पुन्हा बाहेर आली नाही. मिहिरनं सहीचा कागद फाडला.

शेषेरावांनी त्याला शिवी दिली नाही. हातही उगारला नाही. तुकड्याचं एक टोक त्यांनी पायाखाली धरलं, गाठ दोन्ही हातांत घेतली आणि कमरेत वाकून ओढली. पुन्हा ओढली. म्हाताऱ्याच्या मानेच्या शिरा टरारल्या.

"सुटली न्हाई," ते म्हणाले. "सुटलीच न्हाई की ही."

मग उठले. गड्याच्या हातातलं दावं काढून घेतलं आणि बैल स्वतः बांधला.

तो जुना, मेणबत्तीवर टोक वितळवलेला दोर अजून मिहिरच्या घरात आहे. तो निळा तुकडा मात्र शेषेरावांच्या गोठ्यात खुंटीला टांगलाय. तुमची सोलापूरची गाडी उद्या औशावरूनच जाते ना? उतरून बघा. हात लावून बघा.