थांबलेली मागणी

खालापूरच्या कागद कारखान्यात संगणक येऊन वर्ष झालं होतं आणि तो दिवसाआड ठप्प होत होता. १९८६ सालचं यंत्र. त्याची डिस्क धान्याच्या कणगीएवढी. ते दुरुस्त करायला कुमुद दातार नेरळहून कर्जत, तिथून एसटीने खालापूर अशी रोज येई. पोचेपर्यंतच तिचे पाय गळालेले असत.

दोष साधा होता. पडद्यावरून कोणी माहिती मागितली की त्या मागणीला मेमरीत एक जागा मिळे. मागणारं काम तिथे झोपून राही. डिस्क टकटक करून उत्तर देई, झोपलेलं उठे, जागा मोकळी होई. पण जागा थोड्या, आणि काही मागण्यांना उत्तरच येत नसे. त्या जागा अडवून बसत. सगळ्या अडल्या की यंत्र गोठे.

"आता सुधारलं नाही तर यंत्र परत पाठवतो," मॅनेजर म्हणाले होते. "मग या दोन मुलीही घरी."

दोन मुली म्हणजे कोंडाण्याची गौरा आणि खालापुरातलीच सफुरा. दिवसभर पडद्यासमोर बसायच्या, दुपारी एका डब्यात जेवायच्या.

"सफुरा, तुजं कालवण ग्वाड हाय गं. साकर टाकलीस का?"

"तुझी जीभच बिघडलीय, गौरे. मिरची खाऊन खाऊन."

गौरा हसली, घास उचलला आणि थांबली. हात तोंडापाशी, डोळे उघडे. भिंतीपलीकडे डिस्क टकटकली. गौराने घास तोंडात घातला.

"काय म्हनत व्हती मी?"

कुमुदने डोळे चोळले. रात्रीची झोप नीट नव्हती.

जेवणानंतर तिने दुरुस्ती चढवली. फार वेळ अडलेली मागणी यंत्राने टाकून द्यायची, जागा पुढच्याला द्यायची. झोपलेल्याला कळवण्याचं काम तिने उद्यावर ढकललं. यंत्र सुरळीत चालू लागलं. मॅनेजर डोकावून मान हलवून गेले.

सुट्टी व्हायच्या सुमारास सफुरा पाणी प्यायला उठली ती परत आली नाही.

ती माठापाशी उभी होती. पेला हनुवटीशी, पाणी तसंच. कुमुदने खांदा हलवला. अंग गरम होतं, श्वास चालू होता. पापणी लवत नव्हती.

"हिला वारं लागलं काय ओ, मॅडम?" गौरा मागे सरली. "घरी बारकी पोर हाय तिची. अंगावर पिती अजून."

"तिच्या नवऱ्याला, शकूरला बोलवायला माणूस पाठव. डॉक्टरांनाही."

तरी कुमुद पडद्याकडे गेली. का, ते तिला सांगता आलं नसतं. सफुराने उठण्याआधी केलेली मागणी टाकून दिलेली होती. जागा रिकामी. काय मागितलं होतं, ते पुसलं गेलं होतं.

त्या जागेवर कोणाचंही उत्तर आलं, तरी तिथे झोपलेलं उठतं. उत्तर कोणाचं, हे यंत्र बघत नाही. कुमुदला ते पाठ होतं.

सफुराच्या हातातून पेला पडला. हात तसाच राहिला. श्वास आता लांबत चालला होता.

"गौरा, बस. काहीतरी माग."

"काय मागू?"

"काहीही!"

गौराने बोटं चालवली. मागणी त्याच जागेवर गेली.

गौराची बोटं कळांवरच थांबली, डोळे उघडे.

डिस्क टकटकली.

दोघींनी एकदम पापण्या मिटल्या, उघडल्या. सफुरा वळली, ओल्या फरशीवरून जपून चालत आली. कुमुद खुर्चीत कोसळली. तिला रडू येत होतं.

शकूर धापा टाकत दारात आला. कडेवर पोर रडत होती.

"सफुरा! बरी आहेस ना? घे हिला, भुकेजलीय."

सफुराने पोरीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. ओशाळून पदर सारखा केला.

"मॅडम, ह्यो मानूस कोन हाय? मला उशीर व्हतोय. कोंडान्याची गाडी गावायची नाय."

शकूर हसला. मग त्याचं हसू विरत गेलं.

कुमुदने गौराकडे पाहिलं. गौराला काहीच वावगं वाटलेलं दिसत नव्हतं. तिने खुर्चीवरची आपली पिशवी उचलली. सफुराने दुसरा बंद धरला.

एकमेकींकडे न बघता दोघी दाराकडे निघाल्या. पावलं एकदम पडत होती.