काय पडलं?

काम तसं किरकोळ होतं. काकूचा जुना संगणक सुरू होत नव्हता आणि घरात त्यातलं कळणारा मी एकटा. दुपारी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि गेलो.

काकूला दिसत नाही. काका होते तोवर रोज तिला मोठ्यानं पेपर वाचून दाखवायचे आणि ते वाचन संगणकावर रेकॉर्ड करून ठेवायचे. त्यांची एक खोड होती. वाचताना घरात कुठं खुट्ट झालं, की थांबायचे. "काय पडलं?" उत्तर मिळाल्याशिवाय पुढची ओळ नाही. काका गेले आणि काकू तेच जुने पेपर ऐकत दुपारी काढू लागली. बातम्या शिळ्या, पण आवाज ताजा आहे, म्हणायची.

"नीट होईल ना रे?"

"डाव्या हातचा मळ आहे, काकू."

खोलीचे पडदे ओढलेले. धुळीचा आणि कुठंतरी तापलेल्या वायरचा वास. मी वायर तपासली, रॅम काढून खोडरबरानं घासली. डबा ढिम्म. शेवटी हार्ड डिस्क काढून मांडीवर ठेवली. काकांचा सगळा आवाज तिच्यातच होता. तेवढ्यात गिऱ्हाइकाचा फोन आला, आणि मी तंद्रीत उठलो.

खण्ण!

डिस्क उचलून कानाशी हलवली. आत काहीतरी सुटून खुळखुळत होतं.

"काय पडलं रे?" काकू दारात उभी.

"स्क्रू ड्रायव्हर."

किती सहज बोललो मी! जिला डोळेच नाहीत, तिच्या डोळ्यांत धूळ फेकली. कान तापले. लाज वाटली, पण खरं सांगण्याइतकी नाही. डिस्क गुपचूप पिशवीत सारली, रिकामा डबा बंद केला आणि नुसतं दाखवायला बटण दाबलं. जुनंच झालंय म्हणून हात झटकायचे, एवढंच मनात होतं.

डब्यातला पंखा घरघरला. स्पीकर खरखरला. पान उलटल्याचा आवाज आला… आणि काका वाचू लागले.

काकूचा चेहरा फुलला. "गुणाचं गं बाई माझं पोर!"

मी पिशवी चाचपली. डिस्क तिथंच होती. आणि काका वाचत होते ती बातमी मी त्याच सकाळच्या ताज्या पेपरात वाचली होती.

मध्येच ते थांबले.

"काय पडलं?"

"सांग की," काकू कुजबुजली, "तुलाच विचारतायत."

"स्क्रू… स्क्रू ड्रायव्हर, काका."

पंखा फिरत राहिला. पुढची ओळ आली नाही. दुकान उघडं राहिलंय असं काहीतरी बरळत मी तिथून सटकलो.

काकूचा तेव्हापासून रोज फोन येतो. डिस्क माझ्या टेबलाच्या खणात आहे. मी तो खण उघडत नाही.

आज तिचा आवाज फार खाली आला होता.

"अरे, ते अजून थांबलेत. मीही सांगून पाहिलं, स्क्रू ड्रायव्हर होता म्हणून. पटत नाही त्यांना. सकाळपासून वीज नाही, प्लगसुद्धा काढून ठेवलाय मी… पंखा फिरतोच आहे. एकदा येऊन जा ना रे. खरं काय पडलं, ते सांगून टाक."