हार घातलेलं पत्र

मुलांनो, जरा कल्पना करा. साल एकोणीसशे एकाहत्तर. राहुरीजवळच्या एका गावात दसरा होऊन चार दिवस झालेत. दूध सोसायटीच्या ओसरीवर काचेच्या चौकटीत एक इंग्रजी पत्र टांगलंय, त्याला झेंडूचा हार. समोर सोसायटीचा नवा टेम्पो, त्यालाही तसाच हार. वस्तीवरची अकरा मुलं रोज सकाळी ह्याच टेम्पोत, दुधाच्या कॅनना धरून, कालव्याच्या कडेनं शाळेत येतात.

त्या ओसरीवर टेम्पो तपासायला नगरहून आलेला दानीएल नावाचा तरुण मेकॅनिक उभा आहे. पत्र वाचता वाचता त्याचा चेहरा पांढरा पडला.

"हे... इथं कुणी लावलं?"

"म्या," ड्रायव्हर छगन ऐटीत म्हणाला. "कंपनीनं शाबासकी धाडली हाय. दयाबाईंनीच वाचून दावली."

दया शाळेतली शिक्षिका, वय बावीस. वस्तीवरच्या आठ वर्षांच्या चांगुणाचा हात धरून ती तेवढ्यात पायरी चढली. दानीएलनं तिच्याकडे पाहिलं, मग पत्राकडे बोट केलं.

"सलाम, बाई. कंपनीनं... गाडी परत मागवली आहे. पुढच्या स्प्रिंगचे पाटे कच्चे निघालेत. चालवू नका, असं लिहिलंय."

छगन हसला. "आमच्या बाई खोटं वाचत्यात व्हय?"

दानीएल टेम्पोखाली शिरला. बराच वेळ बाहेर आला नाही. मग आतूनच म्हणाला, "छगनदादा, बॅटरी घेऊन इकडं या."

सात पाट्यांपैकी तीन तुटले होते. चौथ्याला चीर गेली होती.

छगन बाहेर आला तो मातीतच बसला. "आज सकाळी गाडी कालव्याकडं वढत हुती. मला वाटलं, नवी हाय... सवय न्हाई झाली तिला."

दयानं ओसरीचा खांब धरला होता. दानीएल तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणाला, "सांगू का, की तुम्ही वाचलंत ते पत्र वेगळंच होतं? कुणाला कळणार नाही."

"मला कळेल," दया म्हणाली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "मला इंग्रजी येत नाही. दोन-चार शब्द ओळखले, बाकी मनानं जुळवलं. सगळे तोंडाकडे बघत होते. येत नाही म्हणायची लाज वाटली."

चांगुणानं बाईंच्या हातातून आपला हात काढून घेतला.

टेम्पो जागेवरच थांबला. दानीएल नवे पाटे आणायला नगरला गेला. दया रोज पहाटे वस्तीवर जायची आणि मुलांना चालत शाळेत आणायची. चांगुणा सगळ्यांच्या मागं राहायची, बाईंशी बोलायची नाही.

रविवारी चर्चमधली उपासना आटोपून दानीएल पाटे घेऊन आला. काम संपवून हात पुसताना त्याचं लक्ष दयाच्या पायांकडे गेलं.

"चपलेचा पट्टा तुटलाय. द्या इकडं."

"टेम्पोचे मेकॅनिक ना तुम्ही?"

"पट्टे, पाटे... तुटतं ते सगळं आमच्याकडेच येतं." त्यानं तारेनं पट्टा बांधला. चप्पल मात्र लगेच परत दिली नाही. "आता पाटे दहा वर्षं टिकतील. म्हणजे मला इकडं यायला कारणच उरलं नाही."

"आहे की," दया खाली बघत म्हणाली. "मला इंग्रजी येत नाही."

तो हसला... आणि तीही, आठ दिवसांत पहिल्यांदा.

पुढच्या रविवारी शाळेच्या फळ्यावर दानीएलनं तेच पत्र उतरवून काढलं. मुलंही इंग्रजी शिकायला पोत्यांवर दाटीनं बसली होती. दया दारातच घुटमळली. बाईंनी कुठं बसायचं, ते तिला कळेना.

तेव्हा चांगुणा पोत्यावर जरा सरकली. शेजारी एका माणसापुरती जागा केली, आपली पाटी झग्याला पुसली आणि बाईंसमोर धरली.