पान पाचवं, ओळ तिसरी

पदार्थविज्ञान विभागाच्या कार्यालयात माझं टेबल कोपऱ्यात, कपाटाच्या आड आहे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी आठवड्यातून दोनदा मला बोलावतात, कारण माझं काम दुसरं कोणी घ्यायला तयार नाही. ज्यांना रूढ विज्ञान चुकीचं वाटतं, ती माणसं विभागाला पत्रं लिहितात. कोणी गुरुत्वाकर्षण खोडून काढतो, कोणी प्रकाश थकतो असं सिद्ध करतो, कोणाचं यंत्र इंधनाशिवाय कायम चालतं, फक्त सुरू तेवढं होत नाही. पत्र वाचायचं, पहिली चूक शोधायची आणि नम्रपणे कळवायची, एवढंच माझं काम.

"काका," विभागप्रमुख बाई दारातूनच म्हणतात, "आज तिघांनी प्रकाशाचा वेग मोडलाय. चहाच्या आधी बघून टाका."

चूक सापडतेच. पण सापडेपर्यंत माझी छाती धडधडत असते. पदवी मी दुसऱ्या खेपेला मिळवली. न जाणो, याच माणसाचं बरोबर असलं तर? पत्रं लिहिणाऱ्यांना अख्ख्या विश्वाबद्दल जेवढी खात्री असते, तेवढी मला माझ्या चष्म्याच्या नंबराबद्दलही नाही.

काटेवाले पत्र न पाठवता स्वतःच आले, बायकोला घेऊन. दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेलेली. कोटाचे दोन्ही खिसे लोंबत होते. त्यांत दोन-दोन किलोची वजनं होती. बायकोने त्यांची बाही घट्ट धरली होती. ते समोरच्या वेताच्या खुर्चीत बसले. ती खुर्ची कोणीही बसलं की करकरते. तेव्हा करकरली नाही.

"पृथ्वी कशालाही ओढत नाही," त्यांनी साठ पानांची चळत माझ्यापुढे ठेवली. "ओढते ती समजूत. वस्तूला वाटतं, आपली जागा खाली आहे, म्हणून ती पडते. काट्यावर वजन ठेवलं ना, की ते क्षणभर थांबतं. विचार करतं."

"काटा विचार करतो?"

"वजन! काट्याला कुठली आलीय अक्कल?"

मी पानं चाळली. "आणि या समीकरणात हा 'स' कशाचा?"

"समजुतीचा."

"त्याचं एकक?"

"ते तुम्ही ठरवा. शिकलेले तुम्ही."

निघताना काटेवाल्यांच्या बाई मला व्हरांड्यात बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊजी, चूक काढा. कसलीही काढा." त्यांच्या हातात एक चिठ्ठी होती. दर सोमवारी एक आकडा लिहिलेला. त्रेसष्ट. पंचावन्न. अठ्ठेचाळीस.

"जेवण तुटलंय का त्यांचं?"

"दुप्पट जेवतात! शेजारीण म्हणते, शोध लागल्यापासून तुमच्या ह्यांचे पाय जमिनीवर नसतात. मी म्हटलं, बाई गं, खरंच नसतात."

"घरातला काटा बिघडला असेल," मी चाचरत म्हणालो.

"भाऊजी, घर कोणाचं आहे?"

चौथ्या पानावर मला वजाबाकीच्या चिन्हाची चूक सापडली. ती मी नम्रपणे कळवली. चार दिवसांनी बाईंचा फोन. "अहो, जिना चढताना धापा टाकतायत!" आनंदाने त्यांना बोलवत नव्हतं. "दहा किलो परत आले!"

पण काटेवाल्यांनी चूक दुरुस्त केली आणि दहाचे चौदा गेले. मी दुसरी चूक काढली, त्यांनी तीही दुरुस्त केली. मग तिसरी. दर खेपेला अनावश्यक भाग गळत गेला आणि साठ पानांची सात पानं झाली. विभागप्रमुख बाईंना मी एकदा दबकत सांगायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "काका, वजन उतरवायचा उपाय असेल तर आधी मला द्या."

सात पानं मी तीन दिवस तपासली. उलटी तपासली. उजळणीसाठी पदवीची जुनी वही काढली. चूक नव्हती.

ते आले तेव्हा एका बॅगेचा पट्टा त्यांच्या कमरेला होता आणि दुसरं टोक बाईंच्या मनगटाला. बाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि मांडीवर वजनं ठेवली.

"पंखा बंद करता का?" काटेवाले संकोचून म्हणाले. "मला हल्ली त्रास होतो."

मी पंखा बंद केला.

"आज सकाळी बारा भरले," बाई म्हणाल्या. पुढच्या सोमवारी चिठ्ठीवर काय लिहायचं, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

काटेवाल्यांचे डोळे चमकत होते. "सापडली चूक?"

गणिताच्या बाबतीत मी कधीच खोटं बोललो नव्हतो. बाकी बाबतींत धीर झाला नाही, एवढंच.

"हो," मी म्हणालो. "पान पाचवं. ओळ तिसरी."

त्यांनी पान काढलं.

"इथे तुम्ही 'स'ने भागलंय. तो शून्य असला तर?"

"तो शून्य नसतो."

"कशावरून?"

हा प्रश्न मी दिवसभर स्वतःलाच विचारत असतो. दुसऱ्याला पहिल्यांदाच विचारला.

ते ओळीकडे पाहत राहिले.

त्यांचे खांदे उतरले.

खुर्ची करकरली.

"हे माझ्या लक्षातच आलं नाही," ते हळू म्हणाले. एवढा म्हातारा चेहरा मी त्यांचा आधी पाहिला नव्हता. मांडीवरची वजनं त्यांनी कण्हत उचलून टेबलावर ठेवली. "जड आहेत हो."

"जड असणारच," बाई डोळे पुसत म्हणाल्या, "चला आता. जिन्याने उतरू. दमलात तर मध्ये बसू."

सात पानं त्यांनी माझ्याकडेच टाकली. "लावून टाका फायलीला."

ते गेल्यावर मी पाचवं पान पुन्हा वाचलं. त्या ओळीच्या आधीच्याच पानावर 'स' शून्य का नसतो, हे चार ओळींत सिद्ध केलेलं होतं. ते वाचलं असतं तर त्यांना आठवलं असतं. पण त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मी शंका घेऊन पाहिली. मला ते जन्मभर जमत आलं आहे. त्या दुपारी जमेना. सगळं बरोबर होतं. इतकी खात्री मला कशाचीच कधी वाटली नव्हती, आणि खरं सांगायचं तर बरं वाटत होतं.

फाइल कपाटात ठेवून मी निघालो. व्हरांड्याची फरशी नुकतीच पुसली होती. सफाईवाल्या बाई टोकाशी बादली घेऊन उभ्या होत्या. मी ओशाळून कडेकडेने त्यांच्यापर्यंत गेलो.

"बघा, याला म्हणतात चालणं!" त्या खूश होऊन म्हणाल्या. "नाहीतर मघाशी ते जोडपं. सगळी फरशी घाण करून गेलं."

मी मागे वळून पाहिलं. ओल्या फरशीवर पावलांच्या दोन रांगा होत्या, त्यातली एक चांगलीच जड माणसाची. तिसरी नव्हती.