मग तू कोण?

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण हे माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या घरात घडलंय. साल दोन हजार सात. ठिकाण, तिच्या सासूबाईंची खोली. आणि वेळ रात्रीची नाही... भर दुपारची.

धाकटी कॉम्प्युटर शिकवायची. नोकरदार माणसं तिच्याकडे प्रेझेंटेशन शिकायला यायची. तेव्हाचे ते ढब्बे मॉनिटर! तिचा कॉम्प्युटर सासूबाईंच्या खोलीतच होता, त्यावर तिने स्वतः विणलेलं झाकण असायचं.

सासूबाईंना तेव्हा विसरायला व्हायला लागलं होतं. गॅस चालू राहायचा. चष्मा डब्यात सापडायचा.

नणंद म्हणाली, "वहिनी, आता आईला वृद्धांच्या संस्थेत ठेवूया. उद्या ती तुलाही ओळखणार नाही."

"ओळखतात हो सगळ्यांना! वाढदिवसाला या, दाखवते."

धाकटीने मोठ्या ईर्षेने खेळ बनवला. प्रत्येक स्लाइडवर घरातल्या एकाचा फोटो. वर प्रश्न, 'हे कोण?' खाली निळ्या अक्षरांत चार पर्याय. पर्यायावर क्लिक केलं की तो जांभळा व्हायचा आणि दुसरी स्लाइड उघडायची. बरोबर असेल तर टाळ्या. चुकलं तर भोंगा, आणि परत तोच प्रश्न.

शेवटचा फोटो तिचा स्वतःचा होता.

वाढदिवसाला सगळे जमले. कोणी उत्तर सुचवू नये म्हणून पडदा फक्त सासूबाईंकडे वळवलेला. त्या डावखुऱ्या. माऊस कीबोर्डच्या डावीकडे ओढून बसल्या.

टाळ्या. मुलगा ओळखला.

टाळ्या. मुलगी ओळखली.

धाकटीने नणंदेकडे असं बघितलं, की विचारू नका.

मग... भोंगा.

पुन्हा भोंगा.

पुन्हा.

"घ्या! जी रोज जेवायला वाढते तीच आठवेना!" कोणीतरी म्हणालं, आणि खोलीभर हशा पिकला.

सासूबाईंनी माऊस सोडला. धाकटीकडे टक लावून बघत त्यांनी विचारलं, "मग तू कोण गं?"

ते तिच्या काळजात घुसलं. इतकी वर्षं केलं, आणि मीच परकी! त्याच रात्री ती फणकाऱ्याने नवऱ्याला म्हणाली, "ठेवा संस्थेत. माझी ना नाही."

सासूबाई संस्थेत गेल्या. धाकटी भेटायला जायची, पण दारातूनच परतायची. रुसवा जातच नव्हता. वर्ष उलटायच्या आत त्या तिथेच वारल्या.

त्यानंतरची एक दुपार. नवरा कामावर, घरात धाकटी एकटी. ती भांडी लावत होती, आणि सासूबाईंच्या खोलीतून...

टाळ्या.

थोड्या वेळाने पुन्हा टाळ्या.

मग भोंगा... भोंगा... भोंगा.

ती गेली तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. पडद्यावर तिचाच फोटो होता.

संध्याकाळी नवरा हसला. "अगं, फाइल उघडी राहिली असेल. दुसऱ्यांना शिकवतेस आणि स्वतःच्या मशीनला घाबरतेस?"

पण त्यानंतर हे रोजचंच झालं.

एके दिवशी तिने धीर करून नीट बघितलं. माऊस कीबोर्डच्या डावीकडे होता.

आणि चार पर्यायांपैकी एकच जांभळा झाला होता...

'सून'.

तिने स्वतः 'सून'वर क्लिक केलं.

भोंगा.

मग पहिल्या पर्यायावर... 'शेजारीण'.

टाळ्या!

तेव्हा तिच्या लक्षात आलं. वाढदिवसाच्या घाईत तिने शेवटची स्लाइड आधीचीच कॉपी केली होती. फोटो बदलला, शब्द बदलले, पण शब्दांमागच्या लिंका तशाच राहिल्या. विद्यार्थ्यांना ती घसा फोडून सांगायची, कॉपी केलीत तर लिंका तपासा. आणि पाहुणे दारात आले म्हणून तिच्या स्वतःच्याच तपासायच्या राहिल्या होत्या.

सासूबाईंनी तिला ओळखलं होतं. प्रत्येक वेळी. भर सभेत त्यांना खोटं पाडलं ते तिच्याच भोंग्याने. म्हणून तर त्यांनी विचारलं होतं, *मग* तू कोण?

रडत रडत तिने लिंका दुरुस्त केल्या. 'सून'... टाळ्या. फाइल पुन्हा सुरू करून ती रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "आई, आता दाबा. आता बरोबर येईल."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दाराबाहेर कान लावून उभी राहिली.

टाळ्या... टाळ्या...

मग बराच वेळ काहीच नाही. कोणीतरी विचार करत असावं, तसं.

भोंगा.

एकदाच.

ती आत धावली. 'सून' तसाच निळा होता. हातही न लागलेला.

जांभळा झाला होता... 'शेजारीण'. सासूबाईंनी शेवटी तिच्याच भोंग्यावर विश्वास ठेवला होता.

त्यानंतर त्या खोलीतून कधीच आवाज आला नाही.

कॉम्प्युटर भंगारात गेला. धाकटीने शिकवणं सोडलं. तिचा नवरा गेला, त्याला हे शेवटपर्यंत कळलं नाही. नणंदेलाही तिने सांगितलेलं नाही, आणि आता सांगून उपयोगही नाही, कारण तीच विसरायला लागली आहे. धाकटी तिच्याकडे रोज जाते. ओळखलंत का, असं कधी विचारत नाही. दारातूनच सांगते, "मी तुमची वहिनी."

आणि माझ्याकडे आली की टीव्ही बंद करायला लावते. कुठे टाळ्या वाजल्या की ती बोलता बोलता थांबते... पुढचं ऐकू येईपर्यंत.